सर्वाधिक उद्धृत लेख आणि तळाशी राहिलेला एक निबंध

पदोन्नतीच्या अर्जासाठी प्रकाशनांची यादी नव्याने तयार करताना प्रत्येक शोधनिबंधापुढे त्याच्या उद्धरणांची, म्हणजे इतरांनी त्याचा संदर्भ किती वेळा दिला याची, संख्या लिहावी लागते. जैवभाराचे, म्हणजे वनस्पतिजन्य पदार्थांचे, इंधनांत व रसायनांत रूपांतर आणि त्यासाठीचे उत्प्रेरक हे माझे क्षेत्र. संख्येनुसार लावलेल्या माझ्या यादीत सर्वांत वर येतो तो एक आढावा लेख, आणि त्यात माझा स्वतःचा एकही प्रयोग नाही.

या क्षेत्रात हे स्वाभाविकच आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २००४ मध्ये शर्करांपासून मिळू शकणाऱ्या १२ पायाभूत रसायनांची यादी प्रसिद्ध केली आणि २००६ मध्ये ह्यूबर, इबोरा व कोर्मा यांचा जैवभारापासून वाहतुकीची इंधने बनविण्याविषयीचा विस्तृत आढावा ‘केमिकल रिव्ह्यूज’मध्ये आला. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात खनिज तेलाला पर्याय हवा असे एक वाक्य असते आणि त्या वाक्यामागे पाच-सहा आढाव्यांचे संदर्भ असतात. ते सगळे वाचूनच दिलेले असतात असे नाही; मीही दिले आहेत.

याउलट २०१० मध्ये मोलिनर, रोमान-लेश्कोव्ह आणि डेव्हिस यांनी दाखविले की कथिलयुक्त बीटा झिओलाइट या सच्छिद्र घन उत्प्रेरकाच्या साहाय्याने ग्लुकोजचे फ्रुक्टोजमध्ये रूपांतर थेट पाण्यात करता येते. फ्रुक्टोजमधून पाण्याचे तीन रेणू निघून गेले की एचएमएफ, म्हणजे हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल, हे इंधने व रसायने बनविण्यास उपयुक्त संयुग मिळते, पण ग्लुकोजपासून तिथवर पोहोचणे अवघड असते. त्यामुळे या निबंधाचा संदर्भ देणाऱ्या अनेकांनी तो उत्प्रेरक स्वतः बनवून तपासला, त्यातील कथिलाची जागा शोधली, त्याच्या मर्यादाही दाखविल्या. प्रस्तावनेतला संदर्भ आणि असा संदर्भ यांची मोजणी मात्र सारखीच, प्रत्येकी एक.

भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडलेला एच-निर्देशांक, म्हणजे संशोधकाचे काम उद्धरणांवरून मोजणारा आकडा, हाही हा फरक जाणत नाही. निर्देशांक २० म्हणजे प्रत्येकी किमान २० उद्धरणे मिळालेले २० निबंध. त्यांपैकी एकाला हजारो उद्धरणे असली तरी निर्देशांक तेवढाच राहतो, आणि उद्धरणे का मिळाली हा प्रश्न त्यात येतच नाही.

माझ्या यादीच्या तळाशी असलेला निबंध शर्करेपासून एचएमएफ बनविणाऱ्या, सल्फोनिक आम्लगट असलेल्या एका घन उत्प्रेरकाविषयी आहे. तो पाच वेळा वापरला तरी एचएमएफचा उतारा जवळपास तेवढाच राहत होता, आणि इतक्यावर ‘उत्प्रेरक स्थिर आहे’ असे लिहून निबंध पाठविण्याची पद्धत आमच्याकडे रुळलेली आहे. अडचण अशी की अभिक्रिया पूर्ण होईपर्यंत चालू दिली तर निम्मा उत्प्रेरक मेला तरी उरलेला निम्मा ते काम पार पाडतो आणि ऱ्हास झाकला जातो. म्हणून आम्ही प्रत्येक फेरी थोड्याच शर्करेचे रूपांतर झालेले असताना थांबवून वेग मोजले, तेव्हा ते फेरीगणिक घसरताना दिसले. मग अभिक्रिया मध्येच थांबवून मिश्रण गरम असतानाच गाळले, तर घन उत्प्रेरक काढून टाकल्यावरही गाळलेल्या द्रवात अभिक्रिया चालूच राहिली. आम्लगट सुटून पाण्यात उतरले होते आणि काम तेच करीत होते. शिवाय शर्करेच्या कार्बनचा हिशेब जुळत नव्हता. गहाळ झालेला भाग ह्युमिन या काळपट, न विरघळणाऱ्या उपपदार्थाच्या रूपात उत्प्रेरकाच्या कणांवर बसलेला आढळला. आमच्याच आधीच्या निष्कर्षाला छेद देणारे हे काम करण्यात वर्षभर गेले, आणि त्याच्या उद्धरणांनी अजून दोन अंकी संख्या गाठलेली नाही.

तरीही एका अनोळखी संशोधक विद्यार्थिनीने पत्र पाठवून नेमक्या कोणत्या तापमानाला गाळले, गाळणी आधी तापवून घेतली होती का, असे विचारले होते. गाळणी थंड असेल तर सुटलेला घटक पुन्हा कणांवर बसू शकतो, आणि ही बाब निबंधात लिहायची राहिली होती. तिच्या प्रबंधात आमच्या निबंधाचा उल्लेख आहे, पण प्रबंधातले असे उल्लेख माझ्या यादीतल्या संख्येत धरले जात नाहीत.

नियतकालिकाच्या प्रभावगुणांकासारख्या आकड्यांऐवजी प्रत्यक्ष काम पाहून मूल्यमापन व्हावे, अशी मागणी संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने केली होती. यंदाच्या अर्जात तीन निवडक प्रकाशनांचे योगदान स्वतःच्या शब्दांत सांगण्यासाठी रकाना आहे. त्यात पहिला क्रमांक मी गाळणीच्या निबंधाला दिला आणि गाळणी आधी तापवून घ्यावी लागते हेही लिहिले. आढावा लेख त्या तिघांत घेतलेला नाही. त्याची संख्या यादीत आहेच.