लंडनमध्ये भेटलेले सिल्हेट

रत्नागिरीत आणि पुढे पुण्यात असताना माझ्या लेखी बांगलादेश म्हणजे १९७१चे युद्ध, पुराच्या बातम्या आणि विश्वचषकातला एखादा सामना, इतकेच होते. नोकरीसाठी पूर्व लंडनमध्ये, व्हाइटचॅपलजवळ राहू लागल्यावर मात्र तो देश जिल्ह्यांसकट, तालुक्यांसकट कळू लागला. कारण येथील बांगलादेशी शेजारी स्वतःची ओळख बहुधा ‘सिल्हेटी’, म्हणजे ईशान्य बांगलादेशातल्या सिल्हेट भागातले, अशीच करून देतात.

ब्रिटनमधली ‘इंडियन’ म्हणवणारी असंख्य उपाहारगृहे याच लोकांनी चालवली. फाळणीपूर्वी सिल्हेट आसाम प्रांतात होते आणि तिथले तरुण कोलकात्याला येऊन ब्रिटिश बोटींवर खलाशी म्हणून, बरेचदा बॉयलरमध्ये कोळसा ओतण्याच्या कामावर लागत. त्यांतले काही लंडनमध्ये उतरून इथेच राहिले आणि त्यांच्यामागून गावेच्या गावे आली. जुलै १९४७च्या सार्वमतानंतर सिल्हेट पूर्व पाकिस्तानात गेले, करीमगंजचा भाग भारतात राहिला. हे सारे इतिहासाच्या पुस्तकातल्या एखाद्या ओळीत संपते, पण करीमगंजला नातलग असलेले कुटुंब शेजारी राहत असले की ते तेवढ्यावर संपत नाही.

माझ्या मनात घर केले ते येथल्या आल्ताब अली पार्कने. ४ मे १९७८ रोजी आल्ताब अली या कापड उद्योगातल्या तरुण कामगाराचा या बागेजवळ वर्णद्वेषातून खून झाला आणि पुढे बागेला त्याचे नाव दिले गेले. तिथेच ढाक्याच्या शहीद मिनाराची लहान प्रतिकृती आहे. बंगालीला राजभाषेचा दर्जा मिळावा म्हणून २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात निघालेल्या आंदोलनावर गोळीबार झाला. त्यात मृत्यू पावलेल्यांसाठी येथे दरवर्षी मध्यरात्री फुले वाहिली जातात. त्यानंतर पावणेचार वर्षांनी, २१ नोव्हेंबर १९५५ रोजी, फ्लोरा फाउंटनजवळ संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. आमचा लढा राज्यासाठी होता, त्यांचा अखेर स्वतंत्र देशापर्यंत गेला, हा फरक मोठाच आहे. तरीही आपल्या शालेय पुस्तकांतून हे दोन प्रसंग मला कधी शेजारी-शेजारी दिसले नव्हते. (२७ फेब्रुवारीचा आमचा मराठी भाषा दिन मात्र बहुतांशी मोबाइलवरच्या शुभेच्छांत उरकतो, हे नमूद करायला हवे.)

खाण्याविषयी थोडक्यात सांगतो: त्यांच्या शुटकीचा, म्हणजे सुक्या मासळीचा, वास जिन्यात पसरला की कोकणातल्या माणसाला नाक मुरडायचा अधिकार उरत नाही. सातकोरा या लिंबासारख्या फळाची साल घालून केलेला रस्सा मात्र पूर्णपणे नवा होता.

५ ऑगस्ट २०२४ला शेख हसीना देश सोडून गेल्या, तेव्हा पुण्याहून येणाऱ्या संदेशांत भारताच्या सुरक्षिततेची चर्चा होती, तर शेजारच्या घरात ढाक्यात शिकणाऱ्या भाच्याचा फोन लागत नसल्याची. तिथल्या हिंदूंवरचे हल्ले आणि आसामातली नागरिक नोंदणी हे दोन विषय त्या दिवसांत शेजाऱ्यांनी आणि मी, दोघांनीही टाळले. पुढे एका ईदच्या जेवणाला ते विषय निघाले, आवाजही चढले, आणि शेजाऱ्यांच्या आईने दोघांनाही गप्प करून पुन्हा भात वाढला. नागरिक नोंदणीवरचा वाद अजून मिटलेला नाही.