उंबऱ्याची उंची

फोन कमरेसाठी आला होता. "मॅडम, परवापासून कंबर धरली हा. वाकाक जमणा नाय. घरी येशात काय?"

ऑक्टोबरचे दिवस. मालवणात माझं फिजिओथेरपीचं छोटं केंद्र आहे आणि दुपारी चारनंतर मी घरभेटींना निघते. तारकर्ली ओलांडून देवबागच्या अंगाला गेलं की एका हाताला कर्लीची खाडी, दुसऱ्या हाताला दर्या आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड आणि घरं. त्यातल्या एका घरात मी अर्ध्या तासाचं काम म्हणून शिरले आणि दिवेलागण झाल्यावर बाहेर पडले.

दादांचं वय 48. तिशीपर्यंत ते रापणीवर होते. टाचा वाळूत रोवून, दोर कमरेवर घेऊन मागे मागे सरकत जाळं ओढलेला माणूस. आता दोन खोल्या पर्यटकांना देतात आणि बोटीचं बुकिंग बघतात. बोटीवर पोरं जातात, दादा खुर्चीवर. दोन वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली. मी नीट तपासलं. पायांत मुंग्या नव्हत्या, पंजा-अंगठ्याची ताकद शाबूत होती, लघवी-संडासाची तक्रार नव्हती, ताप किंवा वजन घटणंही नव्हतं. साधी धरलेली कंबर. पडून राहू नका, आजच अंगणात दहा-दहा मिनिटं चाला, असं सांगितल्यावर त्यांना ते पटेना.

"दुखता तर पडान ऱ्हवाक नको?" मग आतल्या दाराकडे बघत म्हणाले, "आवशीक पण आमी तसाच ठेवलंव."

माजघरात खाटेवर आजी होत्या. वय 76. श्रावणात न्युमोनिया झाला, अकरा दिवस दवाखान्यात काढले, घरी आल्या त्या कागदावर 'पूर्ण विश्रांती' लिहूनच. विश्रांती किती दिवस, ते लिहिलं नव्हतं. मग घरच्यांनी ती मनापासून दिली. सून भरवते, मुलगा उचलून खुर्चीत बसवतो, खाटेशेजारी कमोडची खुर्ची ठेवलेली. अडीच महिने झाले. फुप्फुसं केव्हाच साफ झाली होती, फोटो मी स्वतः पाहिला. हाड मोडलेलं नव्हतं, लकवा नव्हता. तरी बाई उठत नव्हती.

मी त्यांच्या पोटरीला हात लावला. चाळीस वर्षं माशांची पाटी डोक्यावर घेऊन वाडी ते बाजार चाललेली पोटरी होती ती. डोक्याच्या मधोमध चुंबळीच्या जागी केस अजून विरळ होते, गोल, रुपयापेक्षा मोठे. आणि हातात आलेली पोटरी मात्र मऊ, सैल, कातडीखाली सरकणारी. मी बराच वेळ हात काढला नाही. घरात पाच माणसं प्रेमानं वागत होती आणि त्या प्रेमातच हे पाय विरत चालले होते.

ओटीवर सगळ्यांना बसवून मी एक जुनी गोष्ट सांगितली. मला ती फार महत्त्वाची वाटते, म्हणून इथंही सांगते. 1966 साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवलं आणि त्यांचा दम, म्हणजे श्रम करताना प्राणवायू वापरण्याची क्षमता, आधी आणि नंतर मोजली. तीस वर्षांनी तेच पाच जण पन्नाशीत आल्यावर पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयानं त्यांचा जेवढा दम नेला होता, त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांच्या खाटेनं नेला होता. विशीतल्या धडधाकट पोरांचं हे. आजींचे अडीच महिने झाले होते.

"म्हणजे आमी वाईट केलंव?" वहिनींचा आवाज बसला.

मी त्यांना म्हटलं, हेच मी माझ्या घरात केलंय. आई पासष्टची झाली तेव्हा विहिरीवर पंप बसवला आणि 'आता पुरे' म्हणून तिच्या हातातून रहाटाचा दोर काढून घेतला. अंगण झाडायला बाई लावली. मी शिकलेली, हाच माझा व्यवसाय, आणि तरी दोन वर्षांनी आई जमिनीवरून उठताना भिंत धरू लागली तेव्हा मला कळलं. दोर काढून घेताना त्याच्या बदल्यात तिला दुसरं काहीतरी द्यायला हवं होतं.

आजींच्या डॉक्टरांशी मी फोनवर बोलून घेतलं. मग बसवून आणि उभं करून रक्तदाब बघितला. उभं राहिल्यावर वरचा आकडा 14 नं उतरला. 20 नं उतरला असता तर त्या दिवशी मी तिथंच थांबले असते. टाचा तपासल्या, जखम नव्हती. जेवणाचं विचारलं तर सकाळी पेज, रात्री मऊ भात. ताप येऊन गेलेला म्हणून मासे बंद! जन्मभर मासे विकलेल्या बाईला अडीच महिने मासा नाही, अंडं नाही, डाळसुद्धा नुसतं वरचं पाणी. स्नायू कशातून भरायचे? मूत्रपिंडाचे अहवाल चांगले होते, डॉक्टरांचीही हरकत नव्हती, म्हणून आधी तेच सुरू करायला सांगितलं.

मग मी आजींना विचारलं, "तुम्हाला काय करायचंय?"

मला वाटलं होतं, दर्या बघायचाय म्हणतील. त्या सुनेकडे न बघता हळू म्हणाल्या, "माका माज्या पायांनी न्हाणीत जावचा आसा."

न्हाणी मागल्या दाराबाहेर. मध्ये जुन्या घराचा लाकडी उंबरा. मी टेप लावला. साडेसहा इंच.

आमच्याकडे एक साधी चाचणी असते. हात छातीवर बांधायचे आणि तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठून पूर्ण बसता येतं ते मोजायचं. 75 ते 79 वयाच्या बाईला दहापेक्षा कमी जमलं तर तिच्या पडण्याचा धोका मोठा धरतात. आणि हातानं रेटून उठलं तर आकडा शून्य. आजींचा शून्य आला. त्या दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रेटत होत्या आणि मांड्या थरथरत होत्या.

मी वहिनींकडून गोधडी मागितली. तिच्या चार घड्या करून खुर्चीवर ठेवल्या. बसण्याची जागा उंच झाली की गुडघे कमी वाकतात आणि उठायला कमी जोर लागतो. खुर्ची भिंतीला टेकवली, मी समोर गुडघे टेकून बसले, दादा बाजूला. "आजी, नाक पायांच्या बोटांपुढे आणा. आता पाय जमिनीत दाबा." पहिल्यांदा नुसत्या पुढे झुकल्या. दुसऱ्यांदा बूड गोधडीवरून चार बोटं वर आलं आणि खाली बसलं. तिसऱ्यांदा उठल्या, हात छातीवर बांधूनच. कोणी काही बोललं नाही. पडदा धरून उभी असलेली चौदा वर्षांची नात तेवढी म्हणाली, "एक."

आजी घाबरल्या होत्या. या वयात जोर केला तर काही तुटेल, ही भीती घराघरात आहे. मी त्यांना बोस्टनच्या म्हाताऱ्यांबद्दल सांगितलं. नव्वदीच्या आसपासची, वृद्धाश्रमात राहणारी माणसं. आठ आठवडे त्यांच्याकडून पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला, खरंखुरं जड वजन, आणि मांडीची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. 1990 साली ते छापून आलं. नव्वदीतला स्नायूसुद्धा काम दिलं की उत्तर देतो. आजींना टक्क्यांशी देणंघेणं नव्हतं. "नव्वद?" एवढंच त्यांनी विचारलं, दोनदा.

कार्यक्रम तिथंच ठरला. गोधडीवरून उठणं-बसणं, सुरुवातीला पाच-पाचचे दोन डाव, दर दोन-तीन दिवसांनी एक उठणं वाढवायचं, आणि दहा सहज जमले की गोधडीची एक घडी कमी. खिडकीचे गज धरून टाचा उचलणं. जुन्या साडीची पिशवी शिवून तिच्यात किनाऱ्यावरची वाळू भरायची, अर्धा किलो, घोट्यावर बांधून बसल्या बसल्या गुडघा सरळ करायचा. उंबऱ्यासाठी जेवणाचा पाट: चौकट धरून, मागं माणूस उभं ठेवून, पाटावर एक पाय चढवायचा नि उतरवायचा.

दादांना मी वेगळं बसवलं. त्यांचं म्हणणं, "मी तर जन्मभर जाळा ओढलंय." ओढलंत, पण ते पुंजी म्हणून साठून राहत नाही. लंडनच्या दुमजली बसगाड्यांची गोष्ट त्यांना आपल्या धंद्यातली वाटली. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं 1953 साली दाखवून दिलं की दिवसभर बसून बस हाकणाऱ्या चालकांना हृदयविकार जास्त होतो आणि त्याच बसमध्ये जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. "म्हणजे मी ड्रायव्हर आणि बोटीवरची पोरां कंडक्टर," दादा स्वतःच म्हणाले. मग साखरेचं सांगितलं. चालताना पायाचा स्नायू आकुंचन पावतो तेव्हा रक्तातली साखर तो इन्सुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतो, म्हणून जेवल्यावरची पंधरा मिनिटं सोन्यासारखी. आठवड्याला निदान 150 मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. पायाला काटा-शिंपला लागू नये म्हणून वाळूतसुद्धा चप्पल घालून, हे साखर असलेल्या माणसाला बजावून सांगावंच लागतं.

वहिनी बोलल्या त्या मी निघाल्यावर, खळ्याच्या टोकाला. "मी दिवसभर राबतंयच, माका व्यायाम कशाक?" त्यांचं निम्मं खरं होतं. पाणी, धुणं, खोल्यांच्या चादरी, सासूला उचलणं. दम लागतो, घाम येतो. पण ते सगळं वाकून, एकाच बाजूनं, शरीराला सावरायला वेळ न देता. असल्या राबण्यात कंबर झिजते, पाठ बळकट होत नाही. मी एवढं म्हटलं आणि त्यांचे डोळे भरले. शिंकलं, खोकलं, आजींना उचललं की लघवीचे थेंब जातात. धाकट्या बाळंतपणापासून, म्हणजे चौदा वर्षं. कुणालाच सांगितलं नव्हतं. लग्नात नाचणं सोडलं, देवळाच्या पायऱ्या भरभर चढणं सोडलं. चाळिशीत असंच चालतं, अशी समजूत.

मला दर आठवड्याला अशी एक तरी बाई भेटते, आणि दर वेळी पोटात तुटतं. कारण ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू झोळीसारखे पसरलेले असतात, त्यांचा व्यायाम हाच यावरचा पहिला उपचार आहे. लघवी आणि वायू दोन्ही एकदम रोखल्यासारखं आत वर ओढून धरायचं, सहा-सात सेकंद, श्वास न कोंडता, मग पूर्ण सोडायचं. असे आठ-दहा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. खोकण्याआधी, वजन उचलण्याआधीही तसंच ओढून धरायचं. चिरेबंदी गडग्याच्या आडोशाला उभ्या राहून आम्ही दोघींनी ते करून पाहिलं. पुढच्या वेळी केंद्रात येऊन नीट तपासून घ्यायचं ठरलं.

नात स्कूटरपर्यंत आली. खो-खोच्या शाळेच्या संघात होती, यंदा सोडलं. "मोठा झालंस आता, नववी हा," असं घरात ठरलेलं. मुलाला नववीत कुणी मैदान सोडायला लावत नाही. मी परत फिरून वहिनींना सांगितलं: पावसाआधी आपण आगोट भरतो ना, सुकी मच्छी, कांदे, मीठ, सगळं? हाडांची आगोट याच वयात भरते. माणसाच्या हाडांत आयुष्यभरासाठी जे खनिज साठतं त्यातला साधारण चौथा हिस्सा उंची झपाट्यानं वाढण्याच्या आसपासच्या दोनेक वर्षांत साठतो, आणि धावणं-उड्या मारणं यांनी तो जास्त भरतो. पाळी गेल्यावर बाईचं हाड भराभर खर्च होतं, तेव्हा हीच साठवण पुरवायची असते. या वयाच्या मुलांना रोज सरासरी एक तास अंगमेहनतीचा खेळ हवा, अभ्यास असला तरी.

त्यानंतर मी आठवड्याला एकदा जात राहिले. तिसऱ्या आठवड्यात गोधडीच्या दोन घड्या उरल्या. पाचव्या आठवड्यात आजींनी चौकट धरून उंबरा ओलांडला आणि न्हाणीचं दार आतून लावून घेतलं. दार लावल्याचा आवाज आल्यावर वहिनी चुलीपाशी पाठ करून उभ्या राहिल्या. दादा जेवल्यावर खाडीपर्यंत जाऊन येतात. तीन महिन्यांची साखर अजून तपासायची आहे. वहिनींची खोकल्याची धास्ती कमी झाली आहे, गेलेली नाही. खो-खोला फक्त शनिवारची परवानगी मिळाली आहे. त्यावर माझं भांडण चालू आहे, आणि मी ते सोडणार नाही.

सातव्या आठवड्यात पुन्हा तीस सेकंदांची चाचणी घेतली. खुर्चीवर गोधडी नव्हती. मी घड्याळ धरलं, नात मोजायला समोर बसली.

"नऊ," मी म्हटलं.

"आठ," नात म्हणाली. "शेवटाक हात लावलंस तू आज्ये. तां धरूचा नाय."

आजींनी धापा टाकत तिच्याकडे बघितलं, पदर खोचला आणि हात छातीवर बांधले.

"मगे परत मोज."