तुम्ही विचारलंत म्हणून: बँका असताना बॉन्ड मार्केट कशाला?

मी बॉन्डच्या डीलिंग रूममध्ये काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग लग्नाच्या पंगतीत असो नाहीतर सोसायटीच्या गणपतीत. "अगं पण कर्ज द्यायला बँका आहेत ना, मग हे वेगळं मार्केट कशाला?" आणि त्याला जोडूनच, "शेअरचं सगळे बोलतात, बॉन्डचं कोणीच का बोलत नाही?" आणि शेवटी, "आम्ही घ्यावेत का?" उभ्या उभ्या हे नीट सांगता येत नाही, म्हणून आज बसून लिहितेय. बॉन्ड म्हणजे सरकारला किंवा कंपनीला दिलेल्या कर्जाचा कागद: ठरलेलं व्याज मिळतं, मुदत संपली की मुद्दल परत, आणि मधेच दुसऱ्याला विकताही येतो. सरकारचा असला की त्याला रोखा म्हणतात.

आधी बँकांचं. तुम्ही एफडी किती वर्षांची करता? एक, दोन, फार तर पाच. आणि हायवे किंवा वीजप्रकल्पाचा पैसा वसूल व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात. म्हणजे बँक तुमच्याकडून दोन वर्षांसाठी घेणार आणि तिकडे वीस वर्षांसाठी अडकवणार. आपल्याकडे हे होऊन गेलंय. 2005 च्या पुढे बँकांनी वीज, रस्ते, स्टील सगळ्यांना धडाधड कर्जं दिली, प्रकल्प रखडले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेने पुस्तकं तपासून खरे आकडे दाखवायला लावले तेव्हा कळलं किती बुडालंय ते. मार्च 2018 ला एकूण कर्जातली 11 टक्क्यांहून जास्त एनपीए, म्हणजे थकलेली कर्जं होती. ते खड्डे बुजवायला सरकारी बँकांमध्ये जे भांडवल ओतलं त्याचा भार शेवटी तुमच्या-माझ्या टॅक्सवरच आला.

तेच वीस वर्षांचं कर्ज विमा कंपनीने किंवा पेन्शन फंडाने बॉन्ड म्हणून घेतलं तर त्यांना अडचण नसते, त्यांनाही पैसे वीस-तीस वर्षांनीच द्यायचे असतात. बँक त्यासाठी बनलेलीच नाही.

मग बाहेरून डॉलरमध्ये घ्या, असंही कोणीतरी म्हणतंच. थायलंडने तेच केलं होतं. कंपन्या आणि फायनान्सवाल्यांनी डॉलरमध्ये थोड्या मुदतीची कर्जं घेतली, इमारती बांधल्या, कमाई सगळी बात या त्यांच्या चलनात. 2 जुलै 1997 ला सरकारला बातचा बांधलेला दर मोकळा सोडावा लागला, आधी डॉलरला 25 च्या आसपास असायचा तो जानेवारी 98 मध्ये 50 च्या पलीकडे गेला, आणि कंपनी तीच, धंदा तोच, पण कर्ज दुप्पट. त्यानंतर त्या भागातल्या देशांनी कानाला खडा लावला की आपल्या चलनात, लांब मुदतीचं कर्ज आपल्याच घरात मिळायला हवं, आणि 2003 मध्ये आसियान देश, चीन, जपान, कोरिया यांनी मिळून आशियाई बॉन्ड मार्केटसाठी कार्यक्रमच सुरू केला. मलेशियात आज कंपन्यांचे बॉन्ड जीडीपीच्या निम्म्याहून जास्त आहेत. आपल्याकडे साधारण 16 ते 18 टक्के.

आपण कुठे अडकलो? माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडे बॉन्ड घेणारे खूप आहेत, घेऊन परत विकणारे नाहीत. बाकी सगळी कारणं खरी आहेत पण ती याच्यानंतर येतात.

जुनी सवय आहे ही. 1990 च्या सुरुवातीला बँकांना ठेवींपैकी 38.5 टक्के रक्कम एसएलआरच्या नियमाने सरकारी रोख्यांसारख्या ठिकाणी ठेवावीच लागायची, व्याज सरकारच ठरवायचं, आणि त्यानेही भागलं नाही तर सरकार रिझर्व्ह बँकेला 4.6 टक्क्यांची अ‍ॅडहॉक ट्रेझरी बिलं (थोड्या मुदतीच्या सरकारी कर्जाचे कागद) द्यायचं आणि पैसे उचलायचं. हे बिलांचं 1997 मध्ये बंद झालं. जिथे घेणाऱ्याला नाही म्हणायची सोय नाही तिथे भाव कुठून कळणार? 1992 पासून सरकारी रोख्यांचे लिलाव सुरू झाले, त्याच वर्षी हर्षद मेहता प्रकरणात बँकांच्या कागदी पावत्यांचा घोळ बाहेर आला आणि मग यंत्रणा उभी करायला गती आली. 2002 ला सौद्यांचे पैसे आणि रोखे पोचवायची हमी घेणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनचं काम सुरू झालं, 2005 ला एनडीएस-ओएम नावाची सौदे करायची स्क्रीन आली. आर. एच. पाटील यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे, एनएसई हा शेअर बाजार उभा करणारा माणूस, नंतर क्लिअरिंग कॉर्पोरेशनचे पहिले अध्यक्ष, आणि कॉर्पोरेट बॉन्डवरच्या 2005 च्या समितीचा अहवालही त्यांचाच. आज एसएलआर 18 टक्क्यांवर आलाय.

शुक्रवारी सकाळी आमच्या रूममध्ये या एकदा. साडेदहाला सरकारी रोख्यांच्या लिलावाची खिडकी उघडते, साडेअकराला बंद. शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत कोणी खरा भाव टाकत नाही, सगळे फोनवर एकमेकांचा अंदाज घेत असतात की कटऑफ, म्हणजे सरकार स्वीकारेल तो सगळ्यात कमी भाव, कुठे लागेल, 100 रुपये 12 पैसे की 9 पैसे, आणि तीन पैसे म्हणजे शंभर कोटींवर तीन लाख रुपये, त्यामुळे हात थरथरतातच. निकाल आला की दहा वर्षांच्या मुख्य पेपरमध्ये (आम्ही रोख्याला पेपर म्हणतो) लगेच सौदे, 5-5 कोटींचे लॉट, सेकंदाला भाव बदलतो. हे मार्केट खरंखुरं जिवंत आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण तेच स्क्रीनवर जरा खाली या, पाच वर्षांपूर्वी काढलेला एखादा जुना पेपर बघा, तर दिवसभरात एकही सौदा नाही. सगळा विमा कंपन्यांकडे, पीएफकडे, बँकांच्या मॅच्युरिटीपर्यंत ठेवायच्या खात्यात जाऊन बसलेला असतो.

आणि कंपन्यांच्या बॉन्डमध्ये तर आणखी अवघड. फ्लॅट विकताना शेजारच्या बिल्डिंगमध्ये नुकताच काय भाव झाला यावरून आपण आपला भाव सांगतो ना, इथे शेजारी सौदाच झालेला नसतो. 95 टक्क्यांहून जास्त बॉन्ड प्रायव्हेट प्लेसमेंटने, म्हणजे जाहीर विक्री न करता थेट ठरावीक संस्थांना जातात, घेणारे मोजके, आणि बहुतेकांना डबल ए रेटिंगच्या (ट्रिपल ए सगळ्यात वरचं) खालचं काही नकोच असतं. म्हणजे ज्या मधल्या कंपनीला बँकेशिवाय दुसरा रस्ता हवाय तिलाच हे मार्केट दार उघडत नाही. त्यात 2018 मध्ये आयएलअँडएफएस ही पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी कंपनी काही आठवड्यांत ट्रिपल ए वरून थेट डिफॉल्टला गेली, एप्रिल 2020 मध्ये फ्रँकलिन टेम्पल्टन म्युच्युअल फंडाने बॉन्डमध्ये पैसे गुंतवणाऱ्या सहा डेट स्कीम बंद केल्या कारण पैसे परत मागणारे जास्त आणि बॉन्डला गिऱ्हाईक नाही. विकत घ्यायला कोणी नसलं की काय होतं ते लाखो लोकांनी तेव्हा बघितलं.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी ऑनलाइन एका फायनान्स कंपनीचे बॉन्ड घेतले, दहा-दहा हजारांचे, साडेनऊ टक्के. घ्यायला पंधरा मिनिटं लागली. मुलाच्या घराचं डाऊन पेमेंट आलं तेव्हा विकायला गेले तर दोन आठवडे ऑर्डर तशीच पडून, मग ज्यांनी विकले होते त्यांनीच 96 रुपये देतो म्हणून सांगितलं. कंपनी चांगली चालू होती, व्याज वेळेवर येत होतं, तरी शंभराला चार रुपये गेले. काका मला म्हणाले, हे आधी कोणी सांगितलं नाही. खरंच कोणी सांगत नाही. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2024 मध्ये अशा एका बॉन्डची किमान रक्कम (फेस व्हॅल्यू) एक लाखावरून दहा हजार केली, चांगलंच केलं, पण आत यायचं दार रुंद केलं आणि बाहेरचं तेवढंच ठेवलं.

पुण्याचं उदाहरण मला फार लागतं. जून 2017 मध्ये पुणे महापालिकेने 24 तास पाणीपुरवठ्यासाठी 200 कोटींचे बॉन्ड काढले, दहा वर्षं, 7.59 टक्के, बीएसईवर घंटा वाजली, देशभर कौतुक झालं आणि ते योग्यच होतं कारण महापालिकेला त्यासाठी हिशेब लोकांसमोर मांडावे लागले, रेटिंग घ्यावं लागलं. पण विक्री झाली मोठ्या संस्थांना. कोथरूडच्या किंवा हडपसरच्या ज्या घरात ते पाणी येणार, त्यांनी पन्नास हजारांचे बॉन्ड घेतले असते तर टाकी वेळेत झाली का हे विचारायला सभागृहाबाहेर किती माणसं उभी राहिली असती! नाशिकने तर 1999 मध्येच शंभर कोटींचे काढले होते. पंचवीस वर्षं झाली तरी आपल्या बहुतेक महापालिका राज्य सरकारच्या अनुदानाकडेच डोळे लावून बसतात.

तर बॉन्ड मार्केट हवं ते यासाठी. आणि ते वाढवायचं तर मला सगळ्यात आधी हे हवंय की जो बॉन्ड विकतो त्याने रोज त्याचा घेण्याचा भावही स्क्रीनवर लावला पाहिजे, छोट्या रकमेला सुद्धा, आणि त्यासाठी त्याला रेपोवर, म्हणजे हातातले बॉन्ड तारण ठेवून, स्वस्तात पैसा मिळाला पाहिजे, नाहीतर तो माल पदरात ठेवून घेणारच नाही. सरकारी रोख्यांत प्रायमरी डीलर्स म्हणून नेमलेल्या संस्थांना घेण्या-विकण्याचे भाव द्यावे लागतात, कॉर्पोरेटमध्ये असं बांधील कोणी नाही.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आम्ही घ्यावेत का. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या वेबसाइटवर सरकारी रोखे थेट घेता येतात, नोव्हेंबर 2021 पासून आहे ते, खातं फुकट उघडतं, 10,000 पासून सुरुवात करता येते, आणि बँकेतल्या ठेवीला विमा 5 लाखांपर्यंतच आहे तर इथे सगळ्या रकमेमागे सरकार उभं आहे. 91 किंवा 364 दिवसांच्या टी-बिलापासून (ट्रेझरी बिल) सुरू करा, लिलाव बुधवारी असतो. लांबचा बॉन्ड तेवढ्याच पैशांचा घ्या जे मुदतीपर्यंत लागणार नाहीत. आणि कंपनीचा घेत असाल तर व्याज किती हे विचारण्याआधी, उद्या विकायचा झाला तर कोण घेईल आणि किती रुपयाला, हे विकणाऱ्याकडून लेखी मागा.