मावशी, कुठला प्रोसेसर घेऊ?

आधी भाच्याने विचारलं, मग त्याच्या दोन मित्रांनी, आता बँकेतली आयटीची मुलगी विचारते. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत एक मशीन दिवसरात्र शास्त्रज्ञांची आकडेमोड करत बसलेलं असतं हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: यासाठी प्रोसेसर कुठला घ्यायचा? तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच नीट लिहिते.

प्रकार सोपा आहे. अवाढव्य गणिताचे तुकडे करायचे, ते जगभरातल्या घरगुती कॉम्प्युटरांवर वाटायचे आणि उत्तरं गोळा करायची. परग्रहावरचे संदेश शोधणारं ‘सेटी अ‍ॅट होम’ १९९९ मध्ये सुरू झालं. मी त्यात कॉलेजात असताना शिरले. ३१ मार्च २०२० ला त्यांनी नवं काम वाटणं थांबवलं, तेव्हा आपल्याकडे लॉकडाऊनला आठवडा झाला होता. मग मी प्रथिनांच्या साखळ्यांची घडी कशी पडते ते शोधणाऱ्या प्रकल्पाकडे वळले आणि अधूनमधून मूळ संख्या शोधण्याकडे.

तर प्रोसेसर. मी उलट विचारते, घरचं लाइट बिल किती युनिटचं येतं?

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. काही वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात जुना सर्व्हर दिसला. आत इंटेलचे सर्व्हरसाठीचे दोन झिऑन प्रोसेसर, ई५-२६७०, प्रत्येकी आठ कोअर, म्हणजे आकडेमोड करणारी आठ-आठ डोकी. २०१२ सालचा माल, भाव भाजीचा. एका कोअरवर दोन कामं एकदम चालतात, त्यांना थ्रेड म्हणतात; सोळा कोअर म्हणजे बत्तीस थ्रेड, म्हणजे एका वेळी बत्तीस तुकडे! टॅक्सीच्या डिकीत घालून आणला, दोन पोरांनी जिन्याने वर चढवला. चालू केला तर गॅलरीत कोणी व्हॅक्यूम क्लीनर फिरवतंय असा आवाज. त्यात रॅम होती फक्त आठ जीबी. थ्रेड बत्तीस असले तरी प्रत्येक तुकड्याला स्वतःची मेमरी लागते, काहींना एकेक जीबीसुद्धा. बत्तीस पाहुणे बोलावून आठ पानं वाढल्यासारखं झालं. मेमरी पुरेना म्हणून सगळा वेळ हार्ड डिस्क खरखरायची, काम पुढे सरकायचं नाही.

रॅम वाढवली आणि मग खरा खर्च दिसला. प्लगमध्ये लावायचा वॉट मीटर आणला, तो ३५० दाखवत होता. ३५० वॉट चोवीस तास म्हणजे दिवसाला ८.४ युनिट, महिन्याला २५२. आमचं बिल तोवर २३० युनिटच्या आसपास असायचं. आपल्याकडे दर स्लॅबने चढतो, त्यामुळे वरची युनिटं नुसती वाढली नाहीत, महाग दराने वाढली. सासूबाईंनी बिल चष्मा लावून दोनदा वाचलं. पावसाळ्यात मात्र त्यांनीच मुलाचे ओले मोजे त्या सर्व्हरमागच्या गरम झोतासमोर खुर्चीवर वाळत घातले. घरात त्याचा तेवढाच उपयोग सर्वमान्य होता.

मे महिन्यात तो भंगारात दिला. प्रोसेसरने खाल्लेली सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊन येते. ३५० वॉट म्हणजे तीन-साडेतीन माणसं खोलीत नुसती बसून आहेत असं समजा. दहा बाय बाराच्या खोलीत, मुंबईच्या दमटपणात. एसी असेल तर ती उष्णता बाहेर काढायला पुन्हा वेगळी वीज.

आता माझ्याकडे एएमडीचा रायझन ७ ५७००एक्स आहे, आठ कोअर, सोळा थ्रेड. त्या दोन झिऑनइतकं काम करतो, थोडं जास्तच, आणि मीटरवर ११० दिसायचे. मग बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन कमी वीज खाणारा इको मोड लावला. ९० वर आला, म्हणजे महिन्याला ६५ युनिट. काम फारसं घटलं नाही. कारण असं की शेवटचा थोडा वेग काढायला व्होल्टेज चढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. तो शेवटचा वेग आपल्याला नकोच असतो. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, तर नकोच नको, त्यात उत्तरं चुकू शकतात. बऱ्याच प्रकल्पांत तोच तुकडा दोन जणांना देऊन उत्तरं ताडून बघतात. तुमचं चुकलं की रात्रभराची वीज पाण्यात.

एक खोच सांगते. ५७००एक्समध्ये ग्राफिक्स नाही, स्क्रीन दिसायला साधं का होईना कार्ड लागतं. ५७००जी घेतला तर ते वाचतं, पण त्याची एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी, निम्मी, ३२ च्या जागी १६ एमबी. मूळ संख्या शोधणाऱ्याला हा फरक जाणवतो, आकडे कॅशेत मावले नाहीत की प्रोसेसर रॅमची वाट बघत बसतो. म्हणून आधी प्रकल्प ठरवा. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून बऱ्याच प्रोसेसरांत मोठे आणि छोटे असे दोन तऱ्हेचे कोअर येतात, तिथे नुसते कोअर मोजून भुलू नका. थ्रेडचंही तसंच: एका कोअरवर दोन थ्रेड म्हणजे दुप्पट काम नव्हे.

ग्राफिक्स कार्डाने यातली बरीच कामं कितीतरी पट वेगाने होतात, हे खरंच. ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या २०२४ मध्ये सापडली ती तशाच कार्डांच्या जोरावर. पण तुम्ही प्रोसेसर विचारलात, आणि माझ्या खोलीत एकच खिडकी आहे.

भाच्याला मी ऑफिसातून निघालेला डब्याएवढा छोटा कॉम्प्युटर घ्यायला लावला, आत इंटेलचा आय५-८५००टी प्रोसेसर, सहा कोअर, ३५ वॉटचा. भरभरून काम करताना अख्ख्या डब्याचे मीटरवर ४५ च्या आसपास, म्हणजे महिन्याला ३२ युनिट. असा जुना माल घेताना दुकानातच अर्धा तास पूर्ण ताणावर चालवून बघा, आणि अडॅप्टर त्याचाच आहे ना ते पाहा. माझ्या मशीनच्या पंख्यात उदबत्तीची काजळी आणि गोधडीचा कापूस अडकतो, तो गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी मी ब्रशने काढते. एप्रिल-मे मध्ये मशीनला रात्री अकरा ते सकाळी सात एवढीच पाळी देते, बोइंक या तुकडे आणून चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तशी वेळ लावता येते. फक्त तुकड्यांची मुदत बघून काम कमी घ्यायचं.

बाकी आवाजाचं म्हणाल, तर परवा सासूबाईंनी दोनदा विचारलं, बंद पडलंय का गं ते?