राखी बांधायला मनगट लागते

25 फेब्रुवारी 1995 रोजी उदयनगरहून इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया या 41 वर्षांच्या ख्रिस्ती धर्मभगिनीचा भोसकून खून झाला. उदयनगर हे मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातले डोंगराळ भागातले गाव. भोवतालची वस्ती बहुतांशी आदिवासींची. मारणारा समंदर सिंह हा त्याच परिसरातला, विशीतला शेतकरी तरुण होता. तिच्या अंगावर 54 जखमा मोजल्या गेल्या. घाटात बस थांबवून तो खाली उतरला, नारळ फोडला, परत येऊन खोबऱ्याचे तुकडे उतारूंना वाटले आणि तिच्यापुढे तुकडा धरून हात मागे घेतला, असे तिच्या आयुष्यावर लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे. आज एवढा आनंद कशाचा, असे तिने त्याला विचारले म्हणतात. त्यानंतर सुरा निघाला. बसमध्ये पन्नासएक माणसे होती आणि त्यांतले कोणीही मध्ये पडले नाही.

या हकिकतीत सुऱ्यापेक्षा तो नारळ मला अधिक अस्वस्थ करतो. नवी गाडी घेतली, विहिरीला पाणी लागले, घराची पायाभरणी झाली की आपण नारळ फोडतो. काम निर्विघ्न पार पडावे म्हणून फोडतो. क्रौर्याची चर्चा निघाली की आपण लगेच रागाच्या भरात, बेभान होऊन, डोके फिरून अशी भाषा वापरू लागतो आणि त्या भाषेत माणसाची निम्मी सुटका आधीच झालेली असते. इथे ती पळवाट नाही. एका निःशस्त्र बाईला मारणे हे त्या तरुणाच्या मनात शुभकार्याच्या रांगेत जाऊन बसले होते, आणि ते तिथे आपोआप जाऊन बसलेले नव्हते. कोणीतरी ते बरेच दिवस खपून तिथे नेऊन ठेवले होते.

राणी मारियाचा जन्म 1954 मध्ये केरळातल्या पुल्लुवळी इथे एका शेतकरी कुटुंबात झाला. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या धर्मभगिनींच्या संघात प्रवेश घेतल्यावर तिने उत्तर भारतात बिजनौरला आणि मग सतना भागात काम केले आणि 1992 मध्ये ती उदयनगरला आली. तिथे तिने जे केले ते ऐकायला अगदी रुक्ष वाटेल. सरकारी योजना कोणत्या आहेत, त्यांचे अर्ज कुठे मिळतात, बँकेतून कर्ज कसे काढायचे आणि बचत गट कसा चालवायचा हे ती लोकांना समजावून सांगत असे. पोलिसांनी नाहक धरलेल्या माणसांसाठी ती खेटे घालत असे. हे काम कोणाच्या पोटावर पाय देणारे होते हे समजण्यासाठी सावकारीचे गणित माहीत असावे लागते. पेरणीच्या तोंडावर घरात दाणा नसतो, तेव्हा सावकार धान्य किंवा पैसे देतो आणि सुगीला सवाईने किंवा दिढीने परत घेतो. पीक खळ्यावर यायच्या आधीच त्याच्या नावावर झालेले असते, त्यामुळे भावही तोच ठरवतो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच घडते, आणि काही वर्षांत जमीन कागदावर एकाची आणि प्रत्यक्षात दुसऱ्याची होऊन बसते. आपल्या ठाणे-पालघरच्या वारली पट्ट्यातल्या पालेमोडीचा, म्हणजे उसनवारीत आदिवासीला असेच बांधून ठेवण्याच्या प्रथेचा, इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. ती प्रथा मोडण्यासाठी महाराष्ट्राला 1976 मध्ये कायदा करावा लागला आणि पोटापुरते सरकारी खावटी कर्ज द्यावे लागले. उदयनगरच्या खेड्यांमध्ये लोक बँकेच्या पायऱ्या चढू लागले तसे सावकारांचे हे गणित बिघडले. बाई धर्मांतर करते, अशी आवई उठवली गेली. मला वाटते, व्याज बुडाल्याचा राग चारचौघांत बोलून दाखवता येत नाही, म्हणून धर्म पुढे करावा लागतो.

समंदर सिंहने पुढे अनेकदा सांगितले की आपल्याला चिथावले गेले, आपला वापर केला गेला. खुनी माणसाचे असे म्हणणे जपूनच ऐकावे, हे मला मान्य आहे. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही: सुरा चालवणारा हात ज्यांचे व्याज बुडत होते त्यांतल्या कोणाचा नव्हता. जन्मठेप भोगली ती या तरुणाने. तो तुरुंगात असताना त्याचा लहान मुलगा गेला, बायको सोडून गेली, आणि ज्यांच्यासाठी हे केले ते फिरकलेही नाहीत. तेव्हा सुटल्यावर आपल्याला चिथावणाऱ्याचा जीव घ्यायचा, एवढा एकच विचार त्याने धरून ठेवला होता. गरिबीविषयी लिहिताना आपण बहुतेक वेळा उपासमार आणि कर्ज यांच्यापाशी थांबतो. गरीब माणसाचा हात भाड्याने मिळतो आणि काम झाल्यावर तो हात ज्याचा त्यालाच निस्तरावा लागतो, हीदेखील गरिबीच आहे.

इथून पुढचा भाग लोकांना सांगायला आवडतो. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक कॅथलिक साधू तुरुंगात त्याला भेटू लागले. तो आधी त्यांच्याशी नीट बोलायलाही तयार नव्हता, पण ते येत राहिले. मग ऑगस्ट 2002 मध्ये, रक्षाबंधनाच्या सुमारास, राणी मारियाची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने समंदर सिंहच्या मनगटावर राखी बांधली. सेल्मीही त्याच संघातली धर्मभगिनी होती. केरळातल्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या या बाईने क्षमा करताना चर्चमधला विधी निवडला नाही. ज्याला क्षमा करायची त्याच्या घरी दर श्रावणात होणारा विधी निवडला, आणि असे म्हणता येईल की त्याला समजेल अशाच भाषेत ती बोलली. ज्या हाताने नारळ फोडला होता त्याच हाताशी ती येऊन पोहोचली. पुढे तिच्या कुटुंबाने आणि संघाने त्याच्या सुटकेसाठी लेखी विनंती केली, आणि 11 वर्षांच्या कारावासानंतर 2006 मध्ये तो बाहेर आला. नंतर केरळला जाऊन तो तिच्या आईवडिलांना भेटला. बाहेर येऊन खून करायचा हा बेत त्याने सोडून दिला होता. आता तो शेती करतो आणि राणी मारियाच्या समाधीला जात असतो. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये राणी मारियाला 'धन्य' (कॅथलिक चर्चमधली संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याचा सोहळा झाला, तेव्हा तोही तिथे होता.

ही हकिकत प्रवचनात किंवा व्याख्यानात सांगितली जाते तेव्हा मला आनंदापेक्षा धास्ती अधिक वाटते, आणि तिचे कारण सेल्मी पॉल नाही. तिच्या कृतीपुढे माझी मान आपोआप लवते. धास्ती वाटते ती ऐकणाऱ्यांची. टाळ्या वाजवून झाल्या की यांतलेच काहीजण दुसऱ्या एखाद्या घरी जातात, जिथे परवाच कोणाचा तरी जीव गेलेला असतो, आणि तिथल्या बाईला सांगतात की बघा, त्यांनीही माफ केले, तुम्हीही मन मोठे करा. ज्याचे काहीच गेलेले नाही तो दुसऱ्याच्या वतीने मोठ्या मनाचा होतो. सेल्मीला कोणी मध्यस्थी करून तडजोडीला बसवले नव्हते. गुन्हा कोर्टात सिद्ध झालेला होता, गुन्हेगार कित्येक वर्षे आत होता, त्याने केलेले कृत्य नाकारायला तो आता उभा नव्हता. एवढे झाल्यानंतर तिने जे दिले ते तिचे स्वतःचे होते, म्हणून त्याला मोल आहे. शिक्षेच्या आधीच मागितलेली क्षमा ही बहुधा खटला मागे घ्या या विनंतीचेच सोज्वळ नाव असते.

आणि ती क्षमा कुठवर पोहोचली हेही पाहायला हवे. ती एका हातापर्यंत पोहोचली. तो हात ज्यांनी वापरला त्यांनी कधी काही कबूल केले नाही, त्यामुळे त्यांच्याशी क्षमेचा संबंधच आला नाही. बसमध्ये बसून राहिलेल्या माणसांचे काय, हा प्रश्नही सहसा कोणी विचारत नाही. त्यांना भीती वाटली असणार, आणि सुरा समोर असताना मीही जागेवरून उठलो असतो असे छातीवर हात ठेवून मला सांगता येणार नाही. पण तेवढे म्हणून त्यांचा विषय संपतो असे मला वाटत नाही; अर्ध्या तासापूर्वी त्यांनीही तेच खोबरे खाल्ले होते.

या प्रश्नापाशी आलो की मला धुळे जिल्ह्यातला राईनपाडा आठवतो. 1 जुलै 2018 रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, साक्री तालुक्यातल्या या आदिवासी गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते भिक्षुकीवर जगणारे भटके लोक. बहुतेक सोलापूरकडच्या मंगळवेढा तालुक्यातले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून सगळीकडे पसरल्या होत्या. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले गेले आणि तिथेच मारहाण चालू राहिली. तिचे चित्रण करणारे मोबाइलही हातात होते. मारणारे गरीब, मरणारे त्यांच्याहून गरीब, आणि या वेळी कोणाचे व्याजसुद्धा बुडालेले नव्हते. अनोळखी माणूस, अंगावर मळके कपडे, गावकऱ्यांना न कळणारी बोली, एवढ्यावर भागले. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या; 1952 मध्ये तो कायदा गेला, पण पालात राहणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची नजर गेली नाही, आणि त्या दिवशी तीच नजर बाजारात उभी होती.

राईनपाड्यात क्षमा कोणी कोणाला करायची? अटका झाल्या, धरपकडीच्या भीतीने पुरुष पांगले आणि गाव ओस पडले. मयतांच्या बायकामुलांसमोर समंदर सिंहसारखा एक माणूस नाही, ज्याच्याकडे पाहून तूच का, असे विचारता येईल. शंभर हातांतला प्रत्येक हात म्हणू शकतो की मी एकच फटका मारला, तेव्हा तो आधीच पडलेला होता. जमावाला मनगट नसते. म्हणून कोणी या भटक्या कुटुंबांना तुरुंगातल्या राखीची गोष्ट ऐकवू नये, असे मला मनापासून वाटते. त्या गोष्टीतले त्यांच्या वाट्याचे काम अजून पुष्कळ दूर आहे. आधीचे काम दुसऱ्या बाजूचे आहे, आणि ते म्हणजे त्या शंभरांतल्या कोणीतरी एकट्याने उठून, वकिलाला न विचारता, मी तिथे होतो आणि मी मारले, एवढे त्या घरांपुढे जाऊन सांगणे. समंदर सिंह त्यासाठी माळव्यातून केरळपर्यंत गेला होता. राईनपाड्याहून मंगळवेढा त्या मानाने जवळ आहे.