विंडहुक: आधी कामं, शहर नंतर

आमच्या ओळखीतले जे कोणी नामिबियाला जाऊन आले, ते विमानतळावर गाडी ताब्यात घेऊन थेट एटोशा या राष्ट्रीय उद्यानाच्या वाटेला लागले होते. राजधानी विंडहुकात बघण्यासारखं काही नाही, असं प्रत्येकाने बजावलं होतं. आम्ही ऐकलं नाही. जाताना रात्रीचा मुक्काम केला आणि परतताना एक निवांत दिवस राखून ठेवला. तुम्हीही तसंच करा.

होसेआ कुटाको विमानतळ शहरापासून ४५ किलोमीटरवर, माळरानात आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये कुनोला आलेले आठ चित्ते इथूनच उडाले होते. इथून एटोशाचं अँडरसन गेट ४५० किलोमीटरच्या आसपास. रस्ता उत्तम आहे, पण रात्रभर विमानात अवघडल्यावर तो कापायला जाऊ नका. अंधार पडू लागला की कुडू नावाची मोठी हरणं आणि रानडुकरं रस्त्यावर येतात, आणि सूर्यास्ताला उद्यानाचं फाटक बंद होतं. पहिला दिवस गाडी नीट तपासण्यात, सामान भरण्यात आणि झोपेत घालवलेला बरा. दोन स्टेपनी आहेत ना, जॅक चालतो ना, हे गाडी देणाऱ्या माणसासमोरच बघून घ्या. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. कच्च्या रस्त्यांवर गाडी देणाऱ्या कंपन्या बहुधा ताशी ८० ची मर्यादा घालतात. आम्ही त्याच्याही खालीच राहिलो.

डाळ-तांदूळ, फळं, पाण्याचे कॅन सगळं इथल्या सुपरमार्केटात मिळतं. पुढे लॉजमध्ये शाकाहारी माणसाच्या ताटात बटाटे आणि सॅलडच जास्त येतं, तेव्हा लोणच्याची बाटली घरूनच न्या. शनिवारी दुपारी एकनंतर आणि रविवारी दुकानांत बिअर विकत नाहीत, हेही ज्यांना लागतं त्यांनी लक्षात ठेवावं. अडॅप्टर शोधत बसू नका: आपल्या गीझरला असतो तो जाड गोल पिनांचा प्लग इथल्या भिंतीत बसतो. मोबाइलच्या चार्जरसाठी तशा पिनांचा एक्स्टेंशन बोर्ड घरूनच आणा.

नळाचं पाणी आम्ही बिनधास्त प्यायलो. या कोरड्या शहरात १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळतात, आणि असं करणारं हे जगातलं पहिलं शहर. बायकोने हे ऐकल्यावर ग्लास तसाच खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तीही प्यायली.

शहर परतीच्या वेळी बघा, आणि तो दिवस रविवार नको. रविवारी मध्यभाग सुना पडतो. वस्ती जेमतेम पाच लाख, कोल्हापूरहून कमी. इंडिपेंडन्स अ‍ॅव्हेन्यूवरून पोस्ट स्ट्रीटच्या चौकात शिरलात की लोखंडी खांबांवर बसवलेल्या गिबिऑन गावाजवळ सापडलेल्या उल्का दिसतील. त्यांना हात लावता येतो. तिथेच कोणी गप्पा मारत तुमचं नाव विचारू लागला, तर तो ते नाव माकलानी नावाच्या ताडाच्या बीवर कोरून पैसे मागणार, हे ओळखा.

फिडेल कॅस्ट्रो रस्त्याचा चढ चढलात की १९१० चं क्रिस्टुसकिर्खे हे जर्मन चर्च लागतं. फोटो सगळे त्याचेच काढतात. मला मात्र शेजारचं स्वातंत्र्य संग्रहालय जास्त मोलाचं वाटलं. उत्तर कोरियाच्या कंपनीने बांधलेली आणि २०१४ मध्ये उघडलेली ही इमारत दिसायला कुरूप आहे. गावातले लोक तिला कॉफीचं यंत्र म्हणतात. पण ती जिथे उभी आहे, तिथे १९१२ पासून एका जर्मन घोडेस्वाराचा पुतळा होता, इथे जर्मन राजवट असताना १९०४ ते १९०८ च्या लढायांत पडलेल्या जर्मनांच्या स्मरणार्थ. त्याच काळात हेरेरो आणि नामा या इथल्या जमातींचे हजारो लोक गोळ्या घालून, वाळवंटात तहानेने आणि छळछावण्यांत मारले गेले. जर्मन सरकारने त्याला अधिकृतपणे वंशसंहार म्हणायला २०२१ उजाडलं. घोडेस्वार आता हलवला आहे आणि संग्रहालयासमोर पहिले राष्ट्राध्यक्ष सॅम नुजोमा हातात संविधान घेऊन उभे आहेत. हे आधी पाहिलं असतं, तर सफारीत लॉजवर आणि पेट्रोलपंपांवर भेटलेल्या माणसांकडे मी वेगळ्या नजरेने पाहिलं असतं. आता वाटतं, इतिहासाचं थोडं वाचन तरी निघण्याआधी व्हायला हवं.

कातुतुरा या वस्तीत स्थानिक वाटाड्या घेऊन, दिवसाउजेडी जा. दक्षिण आफ्रिकेच्या राजवटीत, वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांना शहरातून उठवून तिथे बसवलं होतं. तिथल्या बाजारात निखाऱ्यांवर भाजतात ते कापाना गोमांसाचं असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच सांगावं. महांगूची उकड मात्र जरूर खा. महांगू म्हणजे आपली बाजरीच. रानभाजीबरोबर ती हाताने खातात, आणि आमच्यातल्या नगरच्या काकूंना चव लगेच पटली.

अंधार पडल्यावर पायी फिरू नका. टॅक्सी हॉटेलवाल्याकडून मागवा किंवा लेफा अ‍ॅपवरून. गाडी कुठेही लावा, आत पिशवी दिसेल अशी ठेवू नका; राखणदाराला चार सुटे डॉलर द्या. दक्षिण आफ्रिकेचा रँड इथे एकास एक चालतो, पण नामिबियन डॉलर देशाबाहेर कुठेच खपत नाही, तेव्हा उरलेल्या नोटा शेवटच्या टाकीभर पेट्रोलला संपवा. परतताना इथिओपिया किंवा केनियात विमानतळाबाहेर पडणार असाल, तर पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड जवळ हवं. ते नसलं तर मुंबईत उतरल्यावर विलगीकरणात बसवू शकतात.