रेन चेक म्हणजे नकार का?

डेटला विचारल्यावर समोरून ‘रेन चेक घेऊ का’ आलं की लगेच तोंड पाडून बसू नका, आज जमत नाहीये पण पुढे कधीतरी नक्की, एवढाच त्याचा अर्थ. अर्थात खरंच यायचं असेल तर माणूस स्वतःच दुसरा दिवस सुचवतो, नाही सुचवला तर काय ते समजून घ्या! आलंय हे अमेरिकेतल्या बेसबॉलमधून, १८८० च्या दशकात. पावसाने मॅच धुतली गेली की प्रेक्षकाच्या हातात तिकिटाचा जो फाडलेला तुकडा उरायचा ना, तोच दाखवून नंतरच्या मॅचला फुकट आत जाता यायचं, इथला चेक म्हणजे बँकेचा चेक नव्हे बरं का. पुढे दुकानांनीही हे उचललं, सेलमधला माल संपला तर नंतर त्याच भावात द्यायची चिठ्ठी.